जाड तार कुठल्या बाजूला

"सगळ्या काढ," पप्पा म्हणाले.

मी पक्कड हातात धरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. गिटार पलंगावर जुन्या चादरीवर आडवी ठेवलेली, पप्पा भिंतीला उशी लावून टेकलेले, आणि मी जमिनीवर गुडघे टेकून बसलेली, ऑपरेशनला उभ्या राहिलेल्या डॉक्टरणीच्या थाटात.

"सगळ्या एकदम? तुम्हीच तर म्हणता, एक काढायची, एक लावायची. नाहीतर मान वाकते म्हणून."

"म्हणतो." मग थोडं थांबून, "आज सगळ्या."

आजारी पडल्यापासून त्यांचं बोलणं असंच झालं होतं. शब्द घशापर्यंत यायचा आणि जिभेच्या दाराशी ताटकळत उभा राहायचा. मी मध्येच त्यांचं वाक्य पुरं करून टाकायचे आणि आईच्या शिव्या खायचे. त्या दुपारी मात्र मी गप्प राहिले, कारण गिटारच्या तारा बदलायच्या म्हणजे पप्पा नाताळला वाजवणार, असा मी माझ्यापुरता अर्थ लावला होता, आणि त्या आनंदात मी सहाच्या सहा तारा तोडून द्यायलाही तयार होते.

तेव्हा मी सातवीत होते. आता दहावीत आहे. गॅदरिंगला स्टेजवर एकटी उभी राहते, आणि माईक हातात आला की तो परत घ्यायला बाईंना वर चढून यावं लागतं. पण सातवीतली मी हजेरीला "यस मॅडम" म्हणतानासुद्धा आवाज आत ओढून घ्यायचे. माझं सगळं बोलणं घरी व्हायचं, आणि त्यातलं निम्म्याहून जास्त पप्पांशी.

पप्पांचं नगरला मोटार रिवायंडिंगचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली काळी पडलेली तार उलगडायची, तांब्याची नवी गुंडाळायची. आठवडाभर तांब्याची तार आणि रविवारी चर्चमध्ये पोलादाची, असं ते स्वतःच सांगायचे. त्यांची गिटार लाल रंगाची, इलेक्ट्रिक, कुठल्याशा बंद पडलेल्या ऑर्केस्ट्रातून आलेली. बटणांवरचे आकडे घासून घासून पुसलेले.

तिच्यात एक गंमत होती. पप्पा डावखुरे. डावखुऱ्यांसाठी वेगळी गिटार मिळते असं त्यांनी ऐकलं होतं, पण नगरात ती कुणी पाहिलेली नव्हती. मग त्यांनी साधीच गिटार उलटी धरली आणि तारा उलट्या क्रमाने चढवल्या. सगळ्या जगाची जाड तार बटणांपासून लांब असते. पप्पांची जाड तार बटणांच्या बाजूला. लहानपणापासून मी तेच पाहिलेलं, त्यामुळे मला जगच उलटं वाटायचं.

एकदा संगमनेरला उपासनेच्या मधोमध त्यांची तार तुटली. तिथल्या चर्चमधल्या एका भावाने आपली गिटार पुढे केली. पप्पांनी ती घेतली, उलटी करून पाहिली, हसून परत दिली आणि उरलेला सगळा वेळ टाळ्या वाजवत बसले. येताना एसटीत मी विचारलं, "असं का केलं?"

"अगं, मला साऱ्या जगात एकच गिटार वाजवता येते," ते म्हणाले. "ती रुसली की मी श्रोता."

मग त्या वर्षी दसऱ्याच्या सुमाराला ते दुकानातच कोसळले. लकवा. डावी बाजू गेली. उजवा हात, ज्याने ते मानेवर तारा दाबायचे, तो शाबूत. डावा, ज्याने तारा छेडायच्या, तो मांडीवर दुसऱ्याच कुणाचा ठेवल्यासारखा पडून असायचा. डॉक्टरांनी एक रबरी चेंडू दाबायला सांगितला होता. मी समोर बसून हुकूम सोडायचे, "दाबा, अजून दाबा, लिंबू आहे समजा." पप्पा हसायचे. चेंडू जशाचा तसा.

पण माझ्याकडे एक गुपित होतं.

इलेक्ट्रिक गिटारची एक मोठी सोय आहे. वायर खुपसली नाही तर ती जवळजवळ मुकी असते, डास गुणगुणावा एवढाच आवाज. पप्पा दवाखान्यातून घरी आल्यापासून मी शाळेतून आले की गिटार उचलून स्वयंपाकघरात जायचे आणि भिंतीतल्या फडताळाजवळ बसायचे. फडताळाच्या लाकडी दाराला गिटार टेकवली की तेच लाकूड आवाज थोडा मोठा करतं, हे मी शोधून काढलं होतं आणि स्वतःवर भलतीच खूश होते. मी उजवी, त्यामुळे गिटार माझ्या बाजूने धरायचे, आणि पप्पांच्या तारा मला उलट्या यायच्या, बारीक वर आणि जाड खाली. तशाच उलट्या तारांवर चाचपडत, चुकत, बोटांची साल जाईपर्यंत मी एक चाल बसवली होती.

ती पप्पांचीच चाल. तिला शब्द नाहीत. नाताळच्या सकाळी चर्चमध्ये पैसे गोळा करायची अर्पणाची थैली फिरत असताना ते ती वाजवायचे. आम्ही तिला अर्पणाची चाल म्हणायचो. नाताळच्या सकाळी चर्चला निघायच्या आधी मी ती त्यांना अचानक ऐकवणार होते. मग त्यांना इतकं स्फुरण चढणार होतं की डावा हात आपोआप उठणार होता. सातवीतल्या मुलीला हे सगळं अगदी शक्य वाटतं.

तर, मी सगळ्या तारा काढल्या. तारांशिवाय ती गिटार पाहायला कसंतरीच वाटलं, दात काढलेल्या म्हाताऱ्यासारखी. आई दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने एकदा वर पाहिलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

"आता ती पट्टी," पप्पा म्हणाले.

मानेच्या वरच्या टोकाला एक पांढरी पट्टी असते, तिच्यात तारांसाठी खाचा असतात. जाड तारेला रुंद खाच, बारीक तारेला अरुंद.

"पट्टीला काय झालं?"

"पेन्सिलीने ठोक. हळू. निघेल." ती निघाली. "आता उलटी बसव."

मी उलटी बसवली. तरीही माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. मग त्यांनी पाकिटातून जाड तार काढायला सांगितली, आणि मी सवयीने ती बटणांच्या बाजूच्या भोकात ओवायला घेतली.

"तिकडे नाही. लांबच्या भोकात."

"पप्पा, तुमची जाड तार इकडे असते."

"लांबच्या."

दवाखान्यात एक बाई आईला सांगत होत्या की अशा झटक्यात माणूस विसरायला लागतो, कधी नावं, कधी घरचा रस्ता. मी उठून आईजवळ गेले आणि तिच्या कानात म्हणाले, "आई, पप्पा विसरलेत. जाड तार कुठे असते तेच विसरलेत."

"काही विसरलेले नाहीत ते," आई म्हणाली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. "सांगतात तसं कर."

"अगं, पण चुकतंय."

"सुवे, वाद घालू नको. कर."

मी परत येऊन बसले आणि तेव्हा एकदम उजेड पडला. आदल्या संध्याकाळी याकोबकाका येऊन गेले होते. चर्चमध्ये ते पेटी वाजवतात, पप्पांचे लहानपणापासूनचे दोस्त. नव्या तारांचं पाकीट त्यांनीच आणलं होतं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर ते म्हणाले होते, "शमू, राग मानू नको. राहुरीचा एक गिटारवाला मिळतोय नाताळला. हात चांगला आहे त्याचा. फक्त त्याच्याकडे चांगली गिटार नाही."

पप्पा म्हणाले होते, "बघू."

आता सगळं जुळलं. पट्टी उलटी. जाड तार लांब. म्हणजे सगळ्या जगासारखी. म्हणजे राहुरीवाल्यासारखी.

"हे तुम्ही त्याच्यासाठी करताय," मी म्हणाले.

"कोणासाठी?"

"त्या राहुरीवाल्यासाठी. त्याला द्यायचीय ना? मग तुम्ही काय वाजवणार नाताळला?"

पप्पांनी तारांचं पाकीट माझ्याकडे सरकवलं.

"चेंडू का दाबताय मग रोज? मी का बसते समोर? डॉक्टर म्हणालेत वेळ लागेल. वेळ लागेल म्हणजे होईल. तुम्हीच नाही म्हणालात तर हात कसा ऐकेल?"

"सुवार्ता," आई म्हणाली. माझं पूर्ण नाव ती क्वचितच घेते.

पप्पांनी उजव्या हाताने आपला डावा हात मनगटाशी धरला, मांडीवरून उचलला आणि गिटारच्या अंगावर ठेवला. टेबलावर डबा ठेवावा तसा. सोडला. हात जिथे ठेवला तिथेच पडला. एक बोट तेवढं लाल रंगावरून हळूहळू घसरत खाली आलं.

"हा," ते म्हणाले, आणि मग बराच वेळ पुढचा शब्द येईना. मी या वेळी वाक्य पुरं केलं नाही. "हा आता श्रोता."

मला रडायचं नव्हतं म्हणून मी रागावले. "मग देऊन टाका त्याला गिटार. कायमचीच देऊन टाका."

"त्याला नाही," पप्पा म्हणाले. "तुला."

आईच्या सुपातले तांदूळ थांबले.

"मला कुठे येतं वाजवायला," मी म्हणाले.

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांची एक पापणी तेव्हा जरा खाली ओघळलेली असायची, त्यामुळे ते नेहमीच डोळा मारताहेत असं वाटायचं. त्या वेळीही वाटलं.

"येईल," ते म्हणाले. "जाड तार घे. लांबच्या भोकात."

मग आम्ही तारा चढवल्या. म्हणजे मी चढवल्या, ते सांगत गेले. खुंटीला गुंडाळताना वेढ्यावर वेढा चढू द्यायचा नाही, एकाखाली एक बसवायचा, अगदी मोटारीतल्यासारखा. ढील किती ठेवायची, टोक कुठे दुमडायचं, नवी तार हाताने हलकेच ताणून कशी नमवायची. सुरात लावायची वेळ आली तेव्हा मी याकोबकाकांकडे जाऊन पेटी आणू का विचारलं. पप्पांनी मान हलवली आणि स्वतःच गुणगुणले. त्यांची जीभ अडखळायची, पण सूर अडखळला नाही. एकेक तार ते गुणगुणत गेले आणि मी खुंटी पिळत त्यांच्या आवाजापर्यंत तिला नेत गेले.

"वाजव," ते म्हणाले.

मी गिटार मांडीवर घेतली. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मला वाटलं होतं की आता गुपित फोडावं. नाताळची वाट कशाला बघायची. अर्पणाची चाल आत्ताच वाजवून दाखवावी म्हणजे यांचे डोळे विस्फारतील. माझी बोटं आपल्या ओळखीच्या जागी गेली आणि मी पहिला सूर छेडला.

तो भलताच आला. दुसराही. मी बोटांकडे पाहिलं. बोटं बरोबर होती, तारा बदलल्या होत्या. आपण रोज अंधारात उठून पाणी पितो त्या स्वयंपाकघरात कुणी माठ, गॅस, भांडी सगळं हलवून ठेवावं, तसं झालं होतं. मी जे शिकले होते ते सगळं उलट्या तारांवर शिकले होते, आणि आता सरळ तारांवर त्यातलं एक अक्षरही चालणार नव्हतं.

सांगितलं असतं तर? पप्पांनी लगेच सगळ्या तारा पुन्हा काढायला लावल्या असत्या. आणि त्यांना कळलं असतं की जी गोष्ट त्यांनी मला देण्यासाठी मोडली, ती मोडायची गरजच नव्हती. मला ते त्यांना कळू द्यायचं नव्हतं. मी गिटारवर मान घातली.

"काय झालं?"

"बोटं दुखतात नव्या तारांनी."

"दुखतील." त्यांनी त्यांचा चांगला हात पुढे करून माझी डाव्या हाताची बोटं उलटसुलट करून पाहिली. टोकांवर कडक झालेल्या सालीवरून अंगठा फिरवला. मी हात मागे ओढला.

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पप्पा पलंगावर, मी समोर स्टुलावर. ते उजवा हात हवेत धरायचे, जणू तिथे गिटारची मान आहे, आणि बोटं मांडायचे. मी माझ्या डाव्या हाताने तशीच बोटं तारांवर ठेवायचे. ते डावखुरे, मी उजवी, त्यामुळे आम्ही बरोब्बर आरशासारखे बसायचो. त्यांनी करंगळी हलवली की माझी करंगळी हलायची. त्यांच्या हवेतल्या बोटांचा आवाज माझ्या गिटारमधून यायचा. मध्येच मी पूर्वीच्या सवयीने उलटी बोटं टाकायचे, आणि पप्पा न रागावता हवेत पुन्हा पहिल्यापासून.

आमच्याकडे दर नाताळला चांदणी टांगतात ती गिटारच्या जुन्या जाड तारेला. कामट्या आणि पतंगाच्या कागदाची चांदणी आई करते, तार पप्पांची असते. ती कुजत नाही की वाऱ्याने तुटत नाही. त्या वर्षी चांदणी मी टांगली. नाताळच्या सकाळी राहुरीवाला कुणाची तरी गिटार मागून घेऊन आला आणि सगळं नीट वाजवून गेला. अर्पणाची थैली फिरायला लागली तेव्हा याकोबकाकांनी पेटीवरून मला खूण केली. मला चालीची फक्त पहिली ओळ येत होती. मी तीच पुन्हा पुन्हा वाजवली, थैली शेवटच्या बाकापर्यंत जाईस्तोवर. पप्पा पहिल्या बाकावर होते. मांडीवरच्या श्रोत्यावर त्यांनी उजवा हात ठेवला होता.

नवं वर्ष उजाडायच्या आधीच त्यांना दुसरा झटका आला. त्यातून ते उठले नाहीत.

पुढची ओळ मला पुढे कधीतरी याकोबकाकांच्या पेटीवरून ऐकून बसवावी लागली, आणि त्याच्या पुढचीही. आता पूर्ण येते. शाळेत येते, चर्चमध्ये येते, संगमनेरला गेले होते तेव्हा तिथल्याच कुणाची गिटार उचलून वाजवली होती. पण माझी ती पहिली, मुकी, उलटी चाल मी पप्पांना ऐकवू शकले नाही, हे मनात कुसळासारखं राहून गेलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं. आईलाही नाही.

या वर्षी डिसेंबर लागला तशी मी तारा बदलायला बसले. बाहेरच्या खोलीत, जमिनीवर. पप्पांचा पलंग होता तिथे आता आईचं शिलाई मशीन आहे. ती माझाच नाताळचा फ्रॉक शिवत होती आणि मला सुनवत होती की एवढी उंच होऊ नको, कापड पुरत नाही.

"सगळ्या एकदम काढ की," ती मध्येच म्हणाली. "किती वेळ घालवतेस एकेक करत."

"मान वाकते, आई. सगळ्या एकदाच काढल्या होत्या, तेवढ्या पुरे."

मशीनचं चाक जरा हळू झालं. "हो. तेव्हा तू त्यांना किती बोललीस. आणि ते बिचारे ऐकून घेत होते."

"मला काय माहीत ते माझ्यासाठी करताहेत."

"आणि तू तरी कुठे सांगितलंस त्यांना," आई म्हणाली, "की तुला अर्पणाची चाल येते."

मी खुंटी सोडून वर पाहिलं.

"तुला काय माहीत?"

"मला काय कळतंय त्यातलं. मला वाटलं फडताळात उंदीर शिरलाय. लाटणं घेऊन उठले होते. तुझे पप्पा म्हणाले, बस खाली, पोरगी वाजवतेय."

"त्यांना ऐकू जायचं?"

"या भिंतीच्या अलीकडे पलंग नव्हता का त्यांचा? तू पलीकडून फडताळाला टेकून बसायचीस. हे इकडून भिंतीला डोकं लावून. तू शाळेतून यायची वेळ झाली की मला म्हणायचे, उशी काढ. भिंत लागू दे."

पक्कड खाली ठेवून मी भिंतीला हात लावला.

"एक दिवस म्हणाले, मला दारापर्यंत ने. धरून नेलं. तू पाठमोरी होतीस. तुझ्या हाताकडे जरा वेळ पाहिलं आणि मागे फिरले. पलंगावर बसल्यावर म्हणाले, रत्ना, ही माझ्या उलट्या तारांवर शिकतेय. हात पक्का बसला तर हिलाही माझ्यासारखी एकच गिटार वाजवता येईल. कुणी दुसरी पुढे केली की ही टाळ्या वाजवत बसेल."

"मग मला तसं सांगायचं ना."

"मीही तेच म्हटलं. तर म्हणाले, सांगितलं तर ती हट्टाने उलटीच वाजवेल, माझी म्हणून. ओळखत होते तुला." आईने दोरा दाताने तोडला. "आणि म्हणाले, तिचं गाणं मी मोडणार आहे. निदान मी ते ऐकत होतो हे तिला आत्ता कळायला नको. फार लागेल तिला."

मशीन पुन्हा सुरू झालं. माझ्याकडे पाठ करूनच ती शिवत होती.

मी शेवटची तार चढवली. वेढ्याखाली वेढा. ताणून नमवली, सुरात लावली. जुनी जाड तार चांदणीसाठी आईच्या मशीनवर ठेवली. मग वायर न लावता गिटार उचलली आणि स्वयंपाकघरात गेले.

फडताळ तेच आहे. दाराचा रंग तेवढा आईने बदललाय. मी जमिनीवर बसले, गिटार दाराला टेकवली आणि अर्पणाची चाल पहिल्या ओळीपासून सुरू केली. पलीकडे मशीन चालू होतं.

दुसऱ्या ओळीला ते थांबलं.